तिसरा रकाना

दर्यापूर तालुक्यातल्या एका केंद्राची शिक्षण परिषद भरली होती. केंद्रप्रमुखांनी फळ्यावर दोन जिल्हा परिषद शाळा लिहिल्या आणि पुढं दोन रकाने आखले : आठवीचा पट आणि शिष्यवृत्तीला पात्र. पहिल्या शाळेचा पट 11, पात्र 9. दुसरीचा पट 23, पात्र 6.

"निकाल असा लागला पाहिजे," ते पहिल्या शाळेकडं बोट दाखवत म्हणाले. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिका मान खाली घालून बसल्या.

त्यांच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष उठले. खारपाणपट्ट्यातला म्हातारा कास्तकार. विहिरीचं पाणी खारट, म्हणून उभा जन्म पावसाच्या भरवशावर शेती केलेला.

"साहेब, एखाद्यानं पऱ्हाटी पेरली, नबळे तास मोडून टाकले, अन् उरलेल्या तासांचाच उतारा सांगतला, तर त्याले चांगला कास्तकार म्हणसान काय? त्या पहिल्या शाळेच्या गावचे पोट्टे आमच्या शाळेत काहून येतात, तेवढं पाहा."

केंद्रप्रमुखांनी दोन्ही शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं उघडली. पहिल्या शाळेत हाच वर्ग सहावीला 20 मुलांचा होता. 9 जणांचे दाखले गेले होते. त्यांतली 5 नावं दुसऱ्या शाळेच्या रजिस्टरात सापडली, 2 तालुक्याच्या इंग्रजी शाळेत निघाली. उरलेल्या दोघांचा कुठंच पत्ता नव्हता.

बाई हळूच म्हणाल्या, "ही पाच आली तेव्हा नीट वाचता येत नव्हतं. हरभरा सोंगायला मेळघाटातून आलेल्या घरांची तीन लेकरंही आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं वयाच्या वर्गात बसवली. आता सगळी धडा वाचतात. आम्हालाही परीक्षेला बसू द्या म्हणाली. निकाल खाली येईल हे ठाऊक होतं, पण नाही म्हणवलं नाही."

पहिल्या शाळेचे मुख्याध्यापक उभे राहिले. "कच्च्या मुलांनी निकाल पडेल, या भीतीनं दाखला मागायला आलेल्या एकाही पालकाला मी थांबवलं नाही. चूक माझी आहे. 30 सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात. असाच पट घटला तर उरलेल्या 11 मुलांचाही शिक्षक जाईल."

केंद्रप्रमुख बराच वेळ फळ्याकडं पाहत राहिले. "ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजलं. तेव्हा नसलेली मुलं पटावर सापडत होती. इथं असलेली मुलं पटावरून गेली, अन् आपण टाळ्या वाजवणार होतो."

त्यांनी खडू उचलला आणि तिसरा रकाना आखला : 'गेलेली मुलं कुठं आहेत?'

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मुख्याध्यापक एकाच गाडीवरून त्या दोन मुलांच्या घरी निघाले.

तात्पर्य : दोन शाळांची तुलना करताना किती मुलं पुढं गेली एवढंच पाहू नये, किती मुलांचा हात सुटला, आणि तो कुणी धरला, हेही मोजावं.