एकाच यंत्राच्या दोन किमती

२०१० साली ‘ऑडिओहोलिक्स’ या संकेतस्थळाने लेक्सिकॉनचा बीडी-३० हा ब्लू-रे प्लेयर उघडला. किंमत ३,५०० डॉलर. आत निघाला ओप्पोचा सुमारे ५०० डॉलरचा बीडीपी-८३, अगदी सांगाड्यासकट. मोजून पाहिलं, तर कामगिरीही तीच.

आता समजा, आदल्या रात्री एकाने त्या महागड्या प्लेयरवर गाणं ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. ते पाणी खोटं होतं का?

मला वाटतं, नाही. आनंद झाला, तो झालाच. चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष: ‘यंत्र भारी आहे.’ आपण फक्त कानांनी ऐकत नाही. मोजलेले पैसेही सोबत ऐकत असतात.

म्हणून महाग ते सगळं ढोंग, असंही नाही. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. दोन चांगल्या प्लेयरमध्ये तिथे फरक सापडणं कठीण. पण त्या आकड्यांचा आवाज प्लेयरच्या आतच तयार होत असेल, तर तिथल्या सर्किटमुळे फरक पडू शकतो. तो खरा की भास, हे ठरवायचं तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवून, कुठला प्लेयर चालू आहे हे न कळता ऐकायला हवं.

आपण ते टाळतो. कारण त्या परीक्षेत यंत्राबरोबर आपणही बसलेले असतो. पैसे वाया गेले हे कळण्यापेक्षा न कळलेलं बरं वाटतं. आणि आपल्या याच भित्रेपणाचे ३,००० डॉलर कुणीतरी लावतो.