घेतली की नाही?

रात्रीचं जेवण झालं, ओटा पुसून झाला, पाण्याचा पेला रिकामा झाला आणि शंकेची पाल चुकचुकली: चिंतेवरची गोळी मघाशीच घेतली होती का? मग आत्ता घेतली ती दुसरी?

बसा. पाठ टेकवून, पाय जमिनीवर. आपल्याला नक्की काय माहीत आहे, एवढंच पाहू.

त्याआधी एक काम, कारण ते मननाचं नाही, फोनचं आहे. एकापेक्षा जास्त गोळ्या जादा गेल्या असतील, पोटात दारू असेल, झोपेची गोळी, कडक वेदनाशामक किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल, वय झालेलं असेल, दमा किंवा हृदयाचा, यकृताचा विकार असेल, तर पुढे वाचू नका. डॉक्टरांना गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर रात्रीही फोन घेतं. माणूस हलवून उठत नसेल, श्वास मंदावला असेल, झटके येत असतील, तर १०८. बोटं घालून ओकारी काढू नका. आणि गोळी चुकून नव्हे, जीव नकोसा होऊन घेतली असेल, तर किती घेतल्या हे न मोजता १०८ला फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी आत्ता उठवा. मन उलगडायला टेली मानस आहे, १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं.

यातलं काही नसलं, तरी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं. उत्तर येईपर्यंतचा वेळ मात्र आपला आहे.

आता स्ट्रिप हातात घ्या. एकदाच. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेली, एका बाजूने धारदार कडेची. मागचा चंदेरी कागद कुठे कुठे फाटलाय ते बोटाने चाचपा. बिलावर तारीख आहे, गोळ्यांची संख्या आहे, वजाबाकी करा. जुळली तर सुटलात. नाही जुळली, तर मध्ये एखादा दिवस राहूनही गेला असेल, हे लक्षात असू द्या. मग स्ट्रिप ठेवा. पुन्हा मोजायला हात शिवशिवतील. शिवशिवू द्या.

पुन्हा न मोजण्याला कारण आहे. नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंट या संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या गॅसच्या शेगड्या लोकांना बंद करायला लावल्या आणि बंद झाल्या का ते पुन्हा पुन्हा तपासायला सांगितलं. तपासून तपासून आठवण चुकीची झाली नाही, पण फिकट झाली आणि तिच्यावरचा भरवसा उडाला. म्हणजे खात्रीसाठी केलेली दहावी मोजणी खात्रीच खाते. आधीच रोजची गोळी ही काही लक्षात ठेवण्याजोगी घटना नसते. कालचा पेला, परवाचा पेला, आजचा पेला एकमेकांत मिसळून जातात. गोळी घेतल्याचं आठवत नाही, यात डोकं बिघडल्याची खूण शोधू नका.

आता हात छातीवर ठेवा. धडधड आहे? ती कधी सुरू झाली ते आठवा. शंका आली त्याच क्षणी ना? गोळीला पोटात विरघळून रक्तात उतरायला वेळ लागतो. चिंतेवर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण साधारण १ ते ४ तासांत शिगेला पोचतं, एस्सिटॅलोप्रामचं सुमारे ५ तासांत. शंकेच्या पावलावर पाऊल टाकून आलेली धडधड बहुधा शंकेचीच. (चिंतेच्या गोळीची चिंता! हसू आलं तर येऊ द्या, त्यानेही श्वास मोकळा होतो.)

तरी आत्ता बरं वाटतंय म्हणून बेफिकीर राहू नये. क्लोनाझेपाम जादा गेली तर गुंगी येते, तोल जातो. म्हणून आज गाडी काढायची नाही, बाथरूमची कडी आतून लावायची नाही, आणि घरात कुणी असेल त्याला सांगून ठेवायचं. लाज कसली? रक्तदाबाच्या गोळीचं सांगितलंच असतं की.

एस्सिटॅलोप्राम शरीरातून निम्मी व्हायला सुमारे ३० तास लागतात. रोज घेणाऱ्याच्या अंगात कालची, परवाची अजून थोडी थोडी असते. तेव्हा एक जादा गोळी म्हणजे अंगात दुप्पट औषध असं गणित होत नाही. हे वाक्य हळू, पुन्हा वाचा. मनातला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

घेतली की नाही हे ठरतच नसेल, तर आज आणखी एक घेऊ नका. उद्याची मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ते डॉक्टरांना विचारा.

आता उरली ती अनिश्चितता. तिच्यापाशी थोडं थांबा. मनाला शंभर टक्के हवे आहेत, हातात ऐंशी-नव्वदच आहेत. दार लावलं, गॅस बंद केला, नळ बंद केला, हे सगळं आपण रोज एवढ्याच भरवशावर सोडून निजतो. श्वास आत घ्या, सावकाश सोडा. शंका पुन्हा येईल. आली तर उत्तर देऊ नका, भांडू नका. बसायला जागा मात्र द्या.

उद्या सकाळी बॉलपेनाने स्ट्रिपच्या मागे वार लिहून काढा, किंवा सात खणांची डबी आणा. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधीच विचारा: एखादे दिवशी दोनदा घेतली गेली तर काय करू? उत्तर त्यांच्याच हाताने, औषधाच्या नावासमोर, चिठ्ठीवर लिहून घ्या.