ते प्रेम नव्हते



मार्च १९९० मध्ये आपल्या उल्हासनगरात दहावीची परीक्षा चालू असताना एक तरुण साथीदारांना घेऊन वर्गात शिरला आणि पेपर लिहीत बसलेल्या मुलीला त्याने तिथेच जिवंत जाळले. कॅम्प नं. ३ मधल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. तिचे नाव तेव्हा महाराष्ट्रभर झाले. येथे ते पुन्हा लिहीत नाही.

वर्तमानपत्रांतून या प्रकाराला 'एकतर्फी प्रेम' म्हटले गेले. आजही अशा बातम्यांवर हेच शब्द असतात. 'प्रेम' वाचले की मारणाऱ्याविषयीच थोडी हळहळ वाटू लागते. दुसरा शब्द 'माथेफिरू'. तो वाचून आपण निश्चिंत होतो, कारण आपल्या घरात माथेफिरू कोणी नाही!

पवित्र शास्त्राने हा विषय टाळलेला नाही. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय घरी उघडून वाचावा. दावीद राजाचा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामार हिच्यासाठी झुरतो, आजारी पडतो. ती नको म्हणते, विनवते. तो ऐकत नाही, बळजबरी करतो आणि लगेच तिचा इतका द्वेष करू लागतो की नोकराकरवी तिला दाराबाहेर काढतो. ज्याला तो प्रेम समजत होता, ते घटकाभरात उघडे पडले. आणि बाप? दावीद संतापला, एवढेच. मुलाला त्याने जाब विचारल्याचे तेथे लिहिलेले नाही. दोन वर्षांनी तामारचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनचा खून करविला.

आपली घरेही पुष्कळदा दावीदाच्या घरासारखीच असतात. कोपऱ्यावर कोणी वाट अडवतो असे मुलीने सांगितले की तिचा क्लास बंद. म्हणून ती सांगतच नाही. मुलाला आपण टक्के विचारतो; तू कोणत्या कोपऱ्यावर उभा असतोस, हे विचारत नाही. सिनेमातला हिरो नकार देणाऱ्या मुलीच्या मागे तीन तास फिरतो, शेवटी ती हो म्हणते, आणि आपण सहकुटुंब हसत पाहतो. असा पाठलाग २०१३ साली कायद्याने गुन्हा ठरवला. घरात तो अजून थट्टेचाच विषय आहे.

अशी बातमी वाचताना मुलगा शेजारी बसलेला असतो. 'मुलगीही तसलीच असेल' हे वाक्य आईच्याच तोंडून त्याच्या कानावर पडले, तर आमचे रविवारचे प्रवचन त्यापुढे काय टिकणार? अल्पवयीन मुलांची ओळख छापायला कायद्याने मनाई आहे. पण मोबाइलवर त्यांचे फोटो पुढे पाठवणारे आपणच असतो.

तामारला अबशालोमनेही गप्प राहायला सांगितले होते. आपली मुलगी काही सांगू लागली, तर तिचे पुरते ऐकून घेऊ या. आणि तिचा क्लास चालू राहू दे.