गिनी पिगचं ऑपरेशन आणि बैलाचं शिंग

खैरलांजी बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. तरी मोठ्या दवाखान्यासाठी इथून नागपूर जवळ आणि जबलपूर लांब, ते काही बदललं नाही. या धानाच्या मुलखात ढोरांच्या डॉक्टरला गाय, म्हैस, बैल, बकरी पाठ असतात. किलोभराचा गिनी पिग टेबलावर ठेवला तर तो बुचकळ्यात पडेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. मात्र असल्या जिवाचं ऑपरेशन करावं की नाही हे ठरवण्याची रीत या मुलखाला चांगलीच ठाऊक आहे, असं माझं म्हणणं आहे.

बैलाच्या शिंगाचा कॅन्सर घ्या. शिंग एका अंगाला कलतं, बैल सारखं डोकं झटकतो, कधी त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. मग शिंगाच्या मुळाशी भूल देऊन ते कापावं लागतं. शेतकरी पैशाचा हिशेब करतो, करायलाच हवा. पण डॉक्टरला तो आधी विचारतो ते वेगळंच: चारा घेईल ना? उभा राहील ना? ज्याला आपण कोरडा व्यवहार म्हणून नाकं मुरडतो, त्यात जनावराचे पुढचे दिवस धरलेले असतात.

गिनी पिगच्या वेळी नेमकं हेच कुणी विचारत नाही. एक जण म्हणतो, चार-पाचशेचं जनावर, त्याला हजारोंचं ऑपरेशन कशाला, दुसरा आणू. दुसरा म्हणतो, पोटच्या पोरासारखा वाढवलाय, वाट्टेल ते करून वाचवायचाच. दुसरा आणल्यानं पहिल्याचं दुखणं थांबत नाही, हे उघड आहे. पण मायेपोटी टेबलावर चढवलेला जीवही आपल्याच समाधानासाठी चढवलेला असू शकतो.

ब्रिटनमध्ये झालेला आणि 2008 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की भूल दिल्यानंतर 48 तासांच्या आत कुत्र्यांमध्ये हजारी दोनही दगावत नाहीत. गिनी पिगमध्ये मात्र शंभरातले जवळजवळ चार दगावतात. त्यात आजारी, म्हातारे सगळे आले. तरी आकडा लहान नाही. ऑपरेशन नीट पार पडलं तरी खरी कसोटी पुढे असते. या प्राण्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दुखण्यानं त्यानं खाणं सोडलं की आतडं थंडावतं, आणि टाके उत्तम असूनही तो हातचा जातो. म्हणून घरच्यांनी दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, सिरिंजनं भरवायची तयारी ठेवावी लागते. गिनी पिगला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं कारण नाही. कुणी तसं सांगितलं तर सावध व्हावं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर तीही त्याच्या जिवावर बेततात.

मग दुखणं कोणतं, हेही पाहावं. नराच्या मूत्रमार्गात खडा अडकून लघवी बंद झाली असेल तर विचार करत बसायला वेळ नसतो. मूत्राशयातला खडा काढता येतो, पण तो पुन्हा होण्याची खोड वाईट. मादीच्या अंडाशयातल्या गाठींवर कधी कधी सुईनं पाणी काढून किंवा हार्मोनच्या इंजेक्शनानं काही काळ भागतं. आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचं. दोन वर्षांच्या जनावराचा निर्णय सहा वर्षांच्याला लागू करता येणार नाही. आणि मे महिन्यात नागपूरचा रस्ता? तिशीच्या पुढचं तापमानही या प्राण्याला सोसवत नाही. तिथे बेचाळीस अंशांत, बंद खोक्यात, एसटीनं न्यायचं म्हणजे धोका ऑपरेशनच्या आधीच सुरू झाला.

पैसे नाहीत म्हणून नकार देण्यात लाज वाटायचं कारण नाही. खतं, शाळेची फी, घरातल्या म्हाताऱ्याची औषधं यांच्यापुढे तो नकार योग्यही असू शकतो. माझा आक्षेप आहे तो नकारानंतरच्या वागण्यावर. पिंजरा कोपऱ्यात सरकवायचा आणि म्हणायचं, आता देवाच्या हवाली. हा प्राणी दुखणं लपवतो, त्यामुळे तो गप्प बसला की तो शांत आहे असं वाटून आपलं मन सुटतं.

1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असंच असह्य वेदनेत होतं. उपचारांची आशा संपल्यावर गांधींनी त्याला इंजेक्शन देऊन मरण देवविलं. गदारोळ उठला तेव्हा त्यांनी लेख लिहून बाजू मांडली: रोग्याच्या भल्यासाठी सुरी चालवणारा शल्यवैद्य जशी हिंसा करत नाही, तसंच हेही. सगळ्यांना ते पटलं नाही, आजही पटणार नाही. पण ऑपरेशन आणि मरण देणं या दोन्हींना त्यांनी एकच कसोटी लावली: यात दुखणाऱ्याचं हित आहे का? गिनी पिगलाही तीच लावावी. ऑपरेशन नको असेल तर वेदनाशामक हवं. त्यानंही भागत नसेल तर डॉक्टरच्या हातून सुखाचं मरण. आणि पोरांना खरं सांगावं. रातोरात तसाच दिसणारा दुसरा आणून ठेवण्याची शक्कल काही घरांत लढवतात, ती पोरं ओळखतातच.

ऑपरेशन करायचं ठरलं तर निघण्याआधी फोनवर दवाखान्याला विचारून घ्यावं: गिनी पिगला भूल दिली आहे का, नंतर वेदनेवर काय देता, खाल्लं नाही तर रात्री कुणाला फोन करायचा. 'मी हे केलेलं नाही' असं एखाद्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, तर त्याचे आभार मानून कुणाकडे न्यावं ते त्यालाच विचारावं.