सहा वर्षांच्या मुलाला कोण शिकवतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असं हरवलं आणि २०२७च्या आशियाई चषकातून आपण पात्रता फेरीतच बाद झालो. चौदाव्या मिनिटाला छांगटेने भारताला आघाडी मिळवून दिली होती. पुढचे दोन्ही गोल सिंगापूरच्या सोंग उइ-यंगचे. हा गडी मूळचा दक्षिण कोरियाचा. म्हणजे त्या एका सामन्यातून सिंगापूरच्या बालफुटबॉलबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि आपल्याबद्दलही फारसं नाही. पण हरल्यावर निदान करण्याची आपली हौस दांडगी. चार दिवस चर्चा झडली आणि नेहमीच्या वळणांनी जाऊन नेहमीच्याच जागी थांबली.

परदेशी प्रशिक्षक आणा म्हणणाऱ्यांनी हॉटनपासून स्टिमाच, मार्केझपर्यंतची यादी एकदा वाचावी, म्हणजे पुरे. मोठा खेळाडू तोच मोठा गुरू, हा समज तर आता पेठेच्या कट्ट्यावरही टिकत नाही. उरले ‘रहीमसाहेबांकडे कुठे लायसन्स होतं?’ असं विचारणारे. सय्यद अब्दुल रहीम यांनी १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदकं मिळवून दिली, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघ चौथा आणला, हे खरं. पण ते हैदराबादचे शाळामास्तर होते आणि शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेले होते. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा, फक्त कमकुवत पायाने खेळायच्या स्पर्धा असे प्रयोग त्यांनी केले. ही शिक्षकाची डोकॅलिटी होती. त्यांचं नाव घेऊन प्रशिक्षणाची खिल्ली उडवणं म्हणजे त्यांनाच न ओळखणं.

या सगळ्यांपेक्षा शहाणा दिसणारा आणि म्हणूनच जास्त घातक असा एक चौथा पक्ष आहे. त्याला संख्यावादी म्हणता येईल. त्याचं म्हणणं सरळ आहे: तळागाळात लायसन्सधारी प्रशिक्षक कमी आहेत; ई, डी, सी अशा पायऱ्यांवर हजारोंनी माणसं उभी करा, खेळ आपोआप वर येईल. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जानेवारी २०२३ मध्ये ‘व्हिजन २०४७’ नावाचा आराखडा मांडला, त्यातही प्रशिक्षकांची संख्या हे एक उद्दिष्ट आहेच. या पक्षाला विरोध करणं अवघड, कारण त्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे.

संख्यावाद्यांचा आवडता दाखला इंग्लंडचा. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीने इंग्लंडला ४-१ असं झोडपलं, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांत एक तुलना गाजली. युएफाच्या बी, ए आणि प्रो पात्रता असलेले प्रशिक्षक इंग्लंडमध्ये २,७६९, स्पेनमध्ये २३,९९५, इटलीत २९,४२०, जर्मनीत ३४,९७०. आकडे इतके बोलके होते की पुढे कुणी काही विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. दहापट प्रशिक्षक असलेला इटली २०१८ आणि २०२२ अशा सलग दोन विश्वचषकांना पात्रच ठरला नाही. जर्मनी त्याच दोन विश्वचषकांत गटातच गारद झाला. आणि प्रशिक्षकांचा दुष्काळ असलेल्या इंग्लंडने २०१७ साली वीस वर्षांखालील आणि सतरा वर्षांखालील असे दोन्ही विश्वचषक जिंकले. दुसरा तर आपल्याच देशात: २८ ऑक्टोबर २०१७, कोलकाता, स्पेनविरुद्ध ५-२, फोडेनचे दोन गोल. त्याच स्पर्धेचे सामने नवी मुंबई आणि मडगावलाही झाले. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि आपण तिन्ही सामने हरलो.

संख्यावादी यावर म्हणेल की मधल्या सात वर्षांत इंग्लंडने संख्या वाढवली. वाढवली असेलही. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट त्यांनी केली, ती आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. तिथल्या फुटबॉल असोसिएशनने मुलांच्या प्रशिक्षकांसाठी ‘युथ अवॉर्ड’ नावाची वेगळी वाट काढली. तिच्या तीन भागांत मुलांभोवतीचं वातावरण, सरावाची आखणी आणि खुद्द मूल असे विषय होते. त्यावरची ‘अ‍ॅडव्हान्स्ड युथ अवॉर्ड’ ही पायरी वयोगटानुसार विभागलेली, आणि तिच्यात शिक्षक उमेदवाराच्या स्वतःच्या मैदानावर जाऊन त्याचं काम पाहत. २०१२ पासून प्रीमियर लीगच्या अकादम्यांची जी नवी व्यवस्था लागू झाली, तिने मुलांच्या प्रशिक्षकांना ही पात्रता घ्यायला लावलं. २०१७च्या यशाचं सगळं श्रेय या अभ्यासक्रमाला देणं अर्थातच भाबडेपणाचं. त्यामागे प्रीमियर लीगचा पैसा होता, सेंट जॉर्जेस पार्क हे राष्ट्रीय फुटबॉल केंद्र होतं. तरीही प्रशिक्षक किती, या प्रश्नाबरोबर कुणाचे प्रशिक्षक, हा प्रश्न त्यांनी विचारला होता.

दुसरा दाखला आइसलँडचा. लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आतबाहेर. २०१६च्या युरोत इंग्लंडला २-१ ने घरी पाठवलं. दोन वर्षांनी विश्वचषकात. संघाचा एक प्रशिक्षक हेमिर हॅलग्रिमसन पेशाने दंतवैद्य. संख्यावादी सांगतो, पाहा, इतक्याशा देशात युएफा पात्रतेचे शेकडो प्रशिक्षक! तो जे सांगत नाही ते असं, की यातले पुष्कळ जण पाच-सहा वर्षांच्या पोरांबरोबर उभे असतात, आणि त्या कामाचे त्यांना पैसे मिळतात. बी लायसन्स मिळालेली माणसंही तिथे लहान मुलांना शिकवतात. हिवाळ्यात खेळायला बंदिस्त मैदानं बांधली, हा भाग वेगळाच.

बेल्जियमचं उदाहरण तर संख्यावाद्याने वापरूच नये. २००० साली आपल्याच भूमीवरच्या युरोत गटातच बाद झाल्यावर तिथल्या महासंघाचे तांत्रिक संचालक मिशेल साब्लों यांनी लूव्हेन विद्यापीठाकडून मुलांचे सुमारे दीड हजार सामने चित्रित करून तपासून घेतले. आठ-नऊ वर्षांचं मूल अर्ध्या तासात जेमतेम दोनदा चेंडूला पाय लावतं, असं त्यात दिसलं. मग लहान मुलांचे सामने दोनास दोन, पाचास पाच, आठास आठ असे झाले, सर्वांत धाकट्या गटांचे गुणतक्ते बंद झाले. प्रशिक्षकांचा पहिला अभ्यासक्रम फुकट केल्यावर तिथे गर्दी झाली, हे खरं. पण ती माणसं येण्याआधी तिथे काय शिकवायचं ते ठरलेलं होतं.

आता आपल्याकडचा डी लायसन्सचा अभ्यासक्रम जवळून पाहावा. साधारण आठवडाभराचा. सकाळी वर्ग, दुपारी मैदान. उमेदवाराला एक विषय मिळतो, समजा ‘पास देऊन जागा बदलणं’. त्याने रात्री जागून वहीत आराखडा काढलेला असतो: चौकोन, बाण, कोन किती, बिब किती. दुसऱ्या दिवशी वीसेक मिनिटं त्याची. मुलं कोण? त्याच्याबरोबर शिकायला आलेले दहा-पंधरा गडी, कुणी पंचविशीचा, कुणी चाळिशीला आलेला, पोट सुटलेला. सगळे मनापासून साथ देतात, कारण उद्या त्यांची पाळी असते. तो ‘स्टॉप!’ म्हणतो तेव्हा सगळे जागच्या जागी थिजतात. तो चूक दाखवतो, ते माना डोलावतात, पुढचा पास बरोबर जातो. परीक्षक खूण करतात. पास.

आठवड्याने तोच माणूस पुण्यातल्या एखाद्या टर्फवर उभा असतो. जागा तासाच्या भाड्याची, मुलं बावीस, चेंडू सहा, त्यातल्या एकात हवा नाही. ‘स्टॉप!’ म्हटल्यावर चौघं थांबतात. एकाची लेस सुटलेली, दोघं बिबवरून भांडताहेत, एक जाळीपलीकडे उभ्या बाबांकडे पाहतोय, आणि बाबा ओरडताहेत, “अरे पुढे मार ना!” वहीतला चौकोन अजून आखून व्हायचाय, तेवढ्यात पुढच्या बॅचची मुलं दारात. त्या आठवड्यातलं थोडंफार इथे कामाला येतं: इजा झाली तर काय करायचं, उन्हात पाणी कधी द्यायचं, चेंडूशिवाय मुलांना ताटकळत ठेवू नये. पण ज्याची परीक्षा झाली ते काम वेगळं होतं आणि जे काम करायचं आहे ते वेगळं. हे काम करताना त्याला पाहायला आजवर कुणी आलेलं नाही. पुढेही येण्याची शक्यता कमी.

इथे एक भेद करावा लागतो, आणि संख्यावाद नेमका तोच पुसून टाकतो. पात्रता दोन तऱ्हेची असते: चढती आणि मुरलेली. चढती पात्रता माणसाला वरच्या पायरीवर नेते. ई वरून डी, डी वरून सी, बी, ए, शेवटी प्रो. प्रत्येक पायरीवर खेळाडू मोठे होत जातात, मैदान मोठं होतं, पगार मोठा होतो. मुरलेली पात्रता माणसाला एकाच वयाच्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं ठेवते आणि तिथेच शहाणा करते. सात वर्षांची पोर रुसली तर तिला चेंडू देऊन बसवायचं की गोलकीपर करायचं, हे त्याला कळतं. कारण अशा शंभर पोरी त्याने पाहिलेल्या असतात.

गोलकीपिंग, फुटसाल, फिटनेस यांच्यासाठी आशियाई महासंघाने स्वतंत्र पायऱ्या ठेवल्या आहेत. युएफाने किशोरवयीनांसाठी ‘युथ बी’ आणि ‘एलिट युथ ए’ या पात्रता आणल्या. आपल्याकडे मात्र सहा वर्षांचं मूल शिडीच्या पहिल्या पायरीशी बांधलेलं असतं. म्हणजे ज्याला सर्वांत कमी येतं त्याच्या हाती सर्वांत लहान मुलं, आणि त्याला थोडं येऊ लागलं की त्याची बढती. एखाद्या शाळेने पहिलीचा वर्ग कायम सर्वांत कच्च्या शिक्षकाला द्यायचा असं ठरवलं, तर पालकसभेत गदारोळ होईल. मैदानावर ते नियमाने चालतं आणि कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही.

संख्या आणखी एका वाटेने फसवते. २०१२-१३ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने आय-लीग जिंकली. मुख्य प्रशिक्षकाकडे ए लायसन्स हवं, असा नियम होता. सुभाष भौमिक यांच्याकडे ते नव्हतं. म्हणून ते झाले टेक्निकल डायरेक्टर आणि मारियानो डायस मुख्य प्रशिक्षक. वरच्या स्तरावर असं उघड तरी होतं. मुलांच्या अकादम्यांना मान्यतेसाठी लायसन्स दाखवावी लागतात. फ्लेक्सवरचं नाव एकाचं आणि रविवारी सकाळी शिट्टी दुसऱ्याच्याच हातात, हे पालकांनी पाहिलेलं असतं. मोजणीत मात्र तिथे एक प्रशिक्षक असतो.

चढत्या आणि मुरलेल्या पात्रतेचा भेद महाराष्ट्राला परका नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा अख्खी पेठ लोटते. त्या पेठांत पोरांना चेंडू शिकवणारी माणसं तालमीत मुरलेली असतात. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना खेळवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यामागे महाविद्यालयातल्या क्रीडाशिक्षकाचा अनुभव होता. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरातून निघालेल्या ‘ऑस्कर फाउंडेशन’ने तर वस्तीतल्याच मोठ्या मुलांना धाकट्यांचे प्रशिक्षक केलं. यातून लायसन्सची गरज नाही असा अर्थ काढणं चूक. पेठेतल्या मुरलेल्या माणसाला कधीकधी चुकीचंही मुरलेलं असतं: दहा वर्षांच्या पोराला शिव्या घालून घडवायचं, वजनदार पोरगा दिसला की बॅकला उभा करायचा, शालेय स्पर्धेतल्या ट्रॉफीसाठी वयाचा दाखला ‘बघून घ्यायचा’. आणि २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा भारतीय संघ युरोपात असताना सहायक प्रशिक्षकावर गैरवर्तनाचे आरोप होऊन त्याला काढावं लागलं, हे विसरून चालणार नाही. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम प्रत्येकाने शिकलेच पाहिजेत. फक्त ते शिकला म्हणजे तो पाळतो, असं होत नाही. तेही कुणीतरी येऊन पाहावंच लागतं.

तेव्हा मागणी नव्या लायसन्सची नाही. राज्यातल्या फुटबॉलचा कारभार १९११ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत तिच्या संघटना आहेत. डीचा अभ्यासक्रम संपल्यावर प्रमाणपत्र लगेच हातात देऊ नये. तीन-चार महिन्यांनी, उमेदवाराच्या स्वतःच्या मैदानावर, त्याच्याच मुलांसमोर, न कळवता दोनदा पाहणी व्हावी आणि मगच सही व्हावी. ज्याला लहान मुलांबरोबरच राहायचं आहे त्याला सीच्या बरोबरीचा दर्जा आणि पैसे तिथेच मिळावेत. शाळांतल्या पी.टी.च्या सरांना या कामात आधी घ्यावं. मुलं सांभाळण्याचं शिक्षण त्यांनी बी.पी.एड.लाच घेतलेलं असतं, फुटबॉलचा भाग त्यांना लवकर शिकवता येतो. संख्यावादी म्हणेल, पाहणीला माणसं कुठून आणायची? बी आणि ए लायसन्स घेऊन वरच्या संघात जागा मिळण्याची वाट पाहणारे पुष्कळ आहेत; त्यांना पाहणीचं काम मानधन देऊन द्यावं. संख्यावाद्याची खरी अडचण वेगळी आहे. अशा पाहणीत निम्मे उमेदवार थांबवले गेले, तर पुढच्या वार्षिक अहवालातला प्रशिक्षकांचा आकडा आदल्या वर्षापेक्षा कमी दिसेल, आणि तो का घटला हे महासंघाला छापून सांगावं लागेल.