बाबांची आठवण करताना



घरातले वडीलधारे माणूस देवाघरी गेले की महिन्याच्या मिस्सेआधी मुले एक कागद घेऊन येतात. मिस्सेच्या शेवटी वाचायच्या चार ओळी त्यावर असतात. 'आमचे बाबा प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू व कुटुंबवत्सल होते.' मजकूर मनापासून लिहिलेला असतो, यात शंका नाही. पण वरचे नाव बदलले तर तोच कागद शेजारच्या घरालाही चालेल. मग आपण आठवण कोणाची केली? त्या माणसाची, की 'चांगला बाप' या दोन शब्दांची?

आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. आयुष्य गेले डहाणूच्या गंजाडजवळील कलंबीपाड्यावर. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, १५ मे २०१८ रोजी निधन. हे सर्व खरे, पण अशी यादी कुठल्याही मोठ्या माणसाची देता येते. त्यांची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट वेगळीच आहे. सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाचे बोलणेच थांबले. सांगायचे असेल ते तो मातीत रेघा ओढून सांगे. लग्नघरी चौक लिहिण्याचे काम परंपरेने सुवासिनींचे. त्यात हा पुरुष शिरला आणि लग्न नसतानाही रोज चित्रे काढू लागला. पुढे सदाशिव व बाळू हे त्यांचे मुलगेही चित्रकार झाले.

आज वारली आकृती साड्यांवर, कपांवर, शाळेच्या भिंतींवर दिसतात. त्या काढणाऱ्या कित्येकांना म्हसे यांचे नावही ठाऊक नसेल. म्हणजे वारसा पुढे जातो आणि तरी माणूस विसरला जातो, असे होऊ शकते. 'बाबा आमच्यातच जिवंत आहेत' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. त्यांची वाडी पिकते आहे, त्यांचे नाक नातवाला आले आहे, हे ठीक. पण बोलणे हरवलेला तो सात वर्षांचा मुलगा कोणीतरी मुद्दाम आठवावाच लागतो.

आता अवघड भाग. 'गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये' असे आपण म्हणतो. हे मला अर्धेच पटते. चहाच्या टपरीवर बोलू नये, हे खरे. पण घरात? नातवाला आठवतात खिशातून चिकू काढून देणारे आजोबा. त्याच माणसाच्या हातची काठी मुलाने खाल्लेली असते. दोघेही खोटे बोलत नाहीत. आणि वेदीजवळून 'बाबांनी कधी आवाज चढवला नाही' असे वाचले जाते, तेव्हा पहिल्या बाकावर बसलेली आई खाली बघते. तिची चाळीस वर्षे त्या एका वाक्याने पुसली जातात. मेलेल्याचा मान राखताना जिवंत माणसाला खोटे पाडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

संत ऑगस्टीनची आई मोनिका इ.स. ३८७ मध्ये ओस्टिया येथे वारली. तिच्याविषयी 'कन्फेशन्स'मध्ये त्याने जे लिहिले, ते मुलाने आईवर लिहिलेल्या सर्वांत प्रेमळ लिखाणात मोडते. तरीही लहानपणी ती चोरून द्राक्षारसाचे घोट घेई आणि एका दासीने टोचून बोलल्यावर तिने ते सोडले, हे तो लपवत नाही. वडील पॅट्रिशियस मायाळू होते, पण तापट. पत्नीशी एकनिष्ठही नव्हते. तेही त्याने लिहिले आहे. आणि शेवटी वाचकांना विनंती केली आहे की, वेदीपाशी दोघांचीही आठवण करा.

विचार करा, बाबांमध्ये काहीच दोष नव्हता तर त्यांच्यासाठी मिस्सा कशासाठी सांगायची? मृतांसाठी प्रार्थना करतो म्हणजे त्यांना क्षमेची गरज आहे असे आपण मानतो. कागदावर एक आणि प्रार्थनेत दुसरेच, असे कसे चालेल?

कोणी म्हणेल, फादर, अशाने जुनी भांडणे उकरली जातील. भीती खरी आहे; वाटणीवरून अबोला धरलेल्या भावांना दोषांची यादी हवीच असते. त्यासाठी मी एक कसोटी लावतो. जी गोष्ट बाबांच्या वतीने, त्यांना क्षमा मागत, देवासमोर बोलता येते, ती घरातही बोलता येते. जी फक्त भावाला ऐकवण्यासाठी आठवते, ती राहू द्यावी.

नोव्हेंबरच्या मिस्सांसाठी आपण मृतांची नावे आणून द्याल. यंदा प्रत्येक नावाखाली त्या माणसाची एक गोष्ट लिहून आणावी, जी दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. ती मोठ्याने वाचली जाणार नाही. लिहिता येत नसेल त्यांनी मला सांगावी, मी लिहून घेईन. आणि लिहिण्याआधी आईला एकदा विचारावे.