खिडकीच्या आतला शिक्का

रत्नागिरीजवळच्या एका गावात एक आजोबा आणि त्यांची नात राहत होती. आजोबांनी तेहतीस वर्षं पोस्टात काढली होती, त्यातली बरीचशी मनीऑर्डरच्या खिडकीवर. नात पुण्याला संगणकाचं शिकून नुकतीच गावी परतली होती. गावातल्या बागायतदारांनी एकत्र येऊन एक छोटी संस्था काढली होती. दलालाकडे माल टाकण्यापेक्षा मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला हापूसची पेटी थेट घरपोच द्यावी, असा त्यांचा विचार. त्यांनी नातीला बोलावलं आणि म्हणाले, "पोरी, नोंदणीचा फॉर्म तेवढा तू करून दे."

तिने आठ दिवसांत फॉर्म केला, आणि तो खरोखर देखणा झाला. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल आणि पेट्या किती, एवढे पाचच रकाने. एखादा रिकामा राहिला तर ब्राउझर तिथेच थांबवी. पिनकोड सहा आकड्यांचाच लागे. पेट्या एकापेक्षा कमी आणि वीसपेक्षा जास्त घेता येत नसत. पेटीचा भाव तिने फॉर्ममध्येच एका लपवलेल्या रकान्यात ठेवला होता. पलीकडे सर्व्हरवर पीएचपी या संगणकभाषेतल्या जेमतेम दहा ओळी होत्या. जे येईल ते घ्यायचं, भाव गुणिले पेट्या करायचे आणि तक्त्यात टाकायचं. "तपासणी तर फॉर्मवर झालीच आहे," ती म्हणायची, "तेच काम पुन्हा कशाला?"

पाडव्यानंतर नोंदणी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी खजिनदार यादीचे कागद घेऊन ओसरीवर आले. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. पेट्या: उणे तीन. त्या एका ओळीने त्या दिवसाची बेरीज तीन पेट्यांनी कमी दाखवली होती. दुसऱ्या ओळीत पाच पेट्या होत्या, भाव एक रुपया, एकूण पाच रुपये. पाच रुपये रीतसर जमा झाले होते, पावतीही निघाली होती, आणि पेट्या आदल्या रात्रीच गाडीत चढल्या होत्या. त्यातल्या दोन पेट्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या कलमांच्या होत्या. त्यांची कलमं मोजून सात.

नात यादीकडे बघत राहिली. "आजोबा, हे होऊच शकत नाही. एकापेक्षा कमी पेट्या घ्यायच्या नाहीत असं मी स्वच्छ लिहिलंय."

"कुठे लिहिलंस, बाय?"

"फॉर्मवर."

"आणि फॉर्म कोणाच्या हातात असतो?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. मग आत जाऊन लॅपटॉप घेऊन आली. तिने आपलाच फॉर्म उघडला, ब्राउझरमध्ये पानाची आतली रचना दाखवणारी खिडकी उघडली, भावाचा लपवलेला रकाना शोधला आणि तिथल्या आकड्यावर दोनदा टिचकी मारली. आकडा खोडता येत होता. तिने तो खोडून १ लिहिला आणि पाठवण्याचं बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'आपली नोंदणी झाली. धन्यवाद.' सगळं मिळून अर्धा मिनिटही लागलं नव्हतं. कुलूप फोडावं लागलं नव्हतं, कारण कुलूप नव्हतंच.

वाचकांपैकी ज्यांचा हा धंदा नाही, त्यांच्यासाठी इथे थोडं थांबायला हवं. आपण पडद्यावर बघतो तो फॉर्म सर्व्हरने आपल्याकडे पाठवलेला एक कागद असतो. तो आपल्या यंत्रावर येतो, आपल्या मालकीचा होतो आणि आपण त्यात हवं ते बदलू शकतो. किंबहुना फॉर्म उघडण्याचीही गरज नसते. कर्लसारखं एक छोटं साधन घेऊन एका ओळीच्या आज्ञेत कोणीही थेट सर्व्हरला सांगू शकतो, 'पेट्या उणे तीन.' ब्राउझरमधली तपासणी, मग ती एचटीएमएलची असो की जावास्क्रिप्टची, त्या वाटेवर भेटतच नाही. ब्राउझरमधली तपासणी फुकट जात नाही. ती भल्या माणसाचा वेळ वाचवते. पण ती संस्थेचं रक्षण करते असं मानणं ही चूक आहे, आणि शिकलेसवरलेले लोकही ती रोज करतात.

आजोबांनी कागद बाजूला ठेवले. "आमच्या पोस्टाबाहेर पिंपळाखाली एक पत्रलेखक बसायचा," ते म्हणाले. "अक्षर मोत्यासारखं. बाजाराच्या दिवशी मनीऑर्डरचे फॉर्म तोच भरून द्यायचा. 'इथे गावाचं नाव लिहायचं, इथे रक्कम, इथे अंगठा.' त्याच्यामुळे माझं काम निम्मं व्हायचं. पण त्याने भरलेला एकही फॉर्म मी न तपासता घेतला नाही. पत्ता वाचायचा. रक्कम अंकी वाचायची, मग अक्षरी वाचायची, दोन्ही जुळवायच्या. मगच शिक्का."

"त्याच्यावर विश्वास नव्हता तुमचा?"

"होता की. त्याच्या मुलाच्या लग्नाला गेलो होतो मी. पण त्याच्या टेबलापासून माझ्या खिडकीपर्यंत दहा पावलं होती, आणि त्या दहा पावलांत फॉर्म तिसऱ्याच कोणाच्या तरी हातात असायचा. शिक्का माझ्याकडे होता. शिक्का ज्याच्या हाती, मोजणी त्याच्या माथी. आणि कमिशन किती, हे गिऱ्हाइकाने लिहून आणलं तर आम्ही मानायचो काय? दरपत्रक माझ्या ड्रॉवरात असायचं."

त्या रात्री नात उशिरापर्यंत जागी होती. भावाचा लपवलेला रकाना तिने काढूनच टाकला. भाव आता सर्व्हर स्वतःच्या तक्त्यातून घेऊ लागला. जो जो रकाना येईल तो तिथे नव्याने तपासायचा, जणू ब्राउझर नावाची वस्तूच अस्तित्वात नाही, असा नेम तिने धरला. पेट्यांचा आकडा पूर्णांक आहे का, एक ते वीसमध्ये आहे का. पिनकोड सहा आकड्यांचा आहे का, पहिला आकडा शून्य तर नाही ना. पीएचपीत हे अवघड नाही. ही भाषा मुळात अशाच कामातून वाढली. रासमुस लर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती लोकांपुढे ठेवली, आणि सुरुवातीच्या वर्षांत तिच्या नावालाच 'फॉर्म इंटरप्रिटर' अशी जोड होती.

पण एकदा फसलेला माणूस फार सावध होतो, तसं तिचं झालं. सर्व्हरवरच्या चुकांची यादी चाळताना तिला दिसलं की एका वसईकर गिऱ्हाइकाची नोंदणी मध्येच तुटली होती. आडनाव डिसोझा. रोमन लिपीत हे आडनाव लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वरच्या बाजूला एक छोटं चिन्ह येतं, अपॉस्ट्रॉफी. डेटाबेसला पाठवायच्या वाक्यात तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण असतं. तिने गिऱ्हाइकाचं नाव जसंच्या तसं त्या वाक्यात चिकटवलं होतं, म्हणून डेटाबेसला वाटलं, नाव एका अक्षरातच संपलं. ज्या फटीतून एका भल्या बाईंचं नाव अडखळलं, त्याच फटीतून एखादा वाईट माणूस डेटाबेसला हवी ती आज्ञा देऊ शकतो. हे ध्यानात आल्यावर नात घाबरली आणि तिने ते चिन्हच बंद करून टाकलं. नावात फक्त रोमन अक्षरं चालतील. लांबी पंधराच्या आत. बाकी काही दिसलं की एकच उत्तर: 'अवैध माहिती.' आणि फॉर्म पुन्हा कोरा.

चार दिवस यादी स्वच्छ आली. पाचव्या दिवशी संस्थेचा फोन वाजला. वसईच्या त्याच बाई होत्या. त्या म्हणाल्या, "पाच वेळा भरला मी फॉर्म. दर वेळी पत्ता पहिल्यापासून लिहिला. तो म्हणतो, माझं नाव अवैध आहे. लग्नानंतर चाळीस वर्षं हेच नाव लावतेय मी."

नातीने माफी मागितली आणि नोंद हाताने करून घेतली. मग तिने नाकारलेल्या नोंदींची यादी काढली. एका गृहस्थांनी नाव देवनागरीत लिहिलं होतं, विठ्ठल. ते रोमन नाही म्हणून परत गेलं होतंच, पण रोमनची अट नसती तरीही ते परत गेलं असतं. डोळ्यांना विठ्ठल तीन अक्षरी दिसतो. संगणक व आणि वेलांटी वेगळी धरतो, ठ, पाय मोडण्याचं चिन्ह, पुन्हा ठ, मग ल, अशी सहा चिन्हं. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत त्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तिने लांबी मोजायला वापरलेली आज्ञा बाइट मोजत होती. विठ्ठल अठरा बाइटांचा झाला आणि पंधराच्या दारात मावला नाही. आणखी एका आजींनी पिनकोड मराठी आकड्यांत लिहिला होता, ४११०३०. पुण्याच्या सदाशिव पेठेचा अगदी बरोबर पिन. तोही 'अवैध'.

ती आजोबांजवळ येऊन बसली. "तुम्ही म्हणालात तशी खिडकीच्या आत तपासणी केली. तरी चुकलंच."

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पिनकोड १९७२ च्या पंधरा ऑगस्टला सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला तो. आपला मराठी माणूस, संस्कृतात कविता करणारा. एका नावाची दहा गावं असायची, पत्रं भलतीकडे जायची, पत्ता चार लिप्यांत लिहिलेला असायचा. ते पत्र बरोबर घरी पोचावं म्हणून ते सहा आकडे. ज्याने पिन लिहिला नाही त्याचं पत्र फेकून द्या, असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पिन नसला तर आम्ही शोधून लिहायचो."

"आणि चुकलेला फॉर्म?"

"चुकलेल्या रकान्यावर पेन्सिलीने बारीकशी खूण करायची आणि तोच फॉर्म परत द्यायचा. 'आजी, इथली रक्कम अक्षरी राहिली.' बाकीचं भरलेलं तसंच. आमच्याकडे एक नवा पोरगा आला होता, तो चुकलेला फॉर्म फाडायचा. पोस्टमास्तरांनी त्याला सांगितलं, ही बाई आठ मैल चालत आलीय. तुझी तपासणी तिचे पैसे मुलापर्यंत पोचावेत म्हणून आहे. ते जमत नसेल तर खिडकीवर बसू नकोस."

या वेळी नातीने घाई केली नाही. डेटाबेसला पाठवायचं वाक्य आणि गिऱ्हाइकाची माहिती तिने वेगळी केली. वाक्य आधी तयार, माहिती नंतर स्वतंत्र, ज्याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. आता डिसोझांच्या नावातलं ते चिन्ह निव्वळ नावाचा भाग राहिलं, ते बंद करण्याचं कारणच उरलं नाही. नावासाठी तिने लिपीची अट काढली, लांबी अक्षरचिन्हांत मोजली आणि मर्यादा ऐसपैस ठेवली. आकडे मराठीत आले तर आधी बदलून घ्यायचे आणि मग तपासायचे. मोबाइल नंबरमधल्या मोकळ्या जागा आणि रेघा सर्व्हरनेच पुसायच्या. त्यासाठी माणसाला का हटकावं? मात्र पेट्यांचा आकडा आणि भाव यांत तिने तसूभरही ढिलाई ठेवली नाही.

सगळ्यात जास्त वेळ तिने चुकीच्या उत्तराला दिला. 'अवैध माहिती' हे शब्द तिने कायमचे खोडले. आता फॉर्म परत जाई तो भरलेलाच, आणि चुकलेल्या रकान्याखाली साध्या मराठीत एक ओळ: 'पिनकोडमध्ये पाचच आकडे आले आहेत, एक राहिला का?' भरलेली माहिती पडद्यावर परत दाखवताना तिच्यात कोणी लबाडीने आज्ञा पेरली असेल तर ती चालू नये, म्हणून तो मजकूर निष्प्रभ करून मगच छापायचा, हेही ती विसरली नाही. नोंद झाल्यावर गिऱ्हाइकाला लगेच पावतीच्या वेगळ्या पानावर न्यायचं, म्हणजे त्याने पान पुन्हा उघडलं तरी पेट्या दुप्पट होणार नाहीत. पावती हातात दिल्यावर भरलेला फॉर्म काउंटरवर पडून राहू द्यायचा नाही, हेही पोस्टातलंच.

मेच्या अखेरीस खजिनदार पुन्हा कागद घेऊन आले. दोन ठिकाणी कोणीतरी पुन्हा उणे आकडा पाठवून पाहिला होता. सर्व्हरने दोन्ही वेळा नम्रपणे परत पाठवून नोंद ठेवली होती. वसईच्या बाईंनी शेजाऱ्यांसाठी आणखी चार पेट्या मागवल्या होत्या, पूर्ण नावाने. विठ्ठलरावांचं नाव पेटीवरच्या चिठ्ठीत देवनागरीत छापून गेलं होतं. सात कलमांच्या आजींना त्यांच्या त्या दोन पेट्यांचे पैसे संस्थेने पदरचे दिले.

तुमच्या हातात असा एखादा फॉर्म असेल, शाळेच्या प्रवेशाचा, दवाखान्याच्या नंबराचा, सोसायटीच्या वर्गणीचा, तर आज दोन गोष्टी करा. ब्राउझर बाजूला ठेवून सर्व्हरला थेट उणे तीन पाठवून पाहा. आणि मग तुमच्या आजीचं पूर्ण नाव, तिला जसं लिहायला आवडतं तसं, त्या पहिल्या रकान्यात लिहून पाहा.